परिच्छेद 31: मुलाच्या शिक्षेविरुद्ध केलेल्या अपिलाचा अनुभव

मे 2018 मध्ये अमेरिकेतील एका फेडरल न्यायालयाने माझ्या मुलाला कोकेनच्या विक्रीबद्दल 52 महिन्यांची शिक्षा सुनावली. त्या शिक्षेविरुद्ध आम्ही अपील केले, त्याची ही हकीकत आहे. गावाचे, न्यायालयाचे आणि वकिलांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मुलाने गुन्हा केला होता आणि तो कबूलही केला होता, हे आधीच सांगून टाकतो. कारण अपील हा शब्द कानावर पडला की ओळखीची माणसे आशेने विचारतात, ‘म्हणजे त्याने काही केले नव्हते का?’ त्याने केले होते. आमचे भांडण गुन्ह्याशी नव्हते, शिक्षा ज्या हिशेबावर बेतली होती त्या हिशेबाशी होते.

हिशेब हा माझ्या पोटापाण्याचाच विषय आहे. सांगलीला बी.कॉम. झाल्यावर पुण्यात सहा वर्षे ऑडिटची कामे केली आणि 1993 मध्ये इकडे आलो. मुलगा इथेच जन्मला. तो अमेरिकेचा नागरिक असल्यामुळे देशाबाहेर काढले जाण्याची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर नव्हती. ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाला अमली पदार्थांच्या विक्रीच्या गुन्ह्यात तुरुंगवासापेक्षाही त्याचीच धास्ती अधिक असते. फेब्रुवारी 2017 मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा त्याच्या भाड्याच्या खोलीत 620 ग्रॅम कोकेन सापडले. फेडरल कायद्यात 500 ग्रॅम ही सीमारेषा आहे. ती ओलांडली की किमान 5 आणि कमाल 40 वर्षे. सांगलीत वकिली करणाऱ्या माझ्या चुलत भावाला फोन केला, तर तो म्हणाला, ‘दादा, आपल्याकडे 100 ग्रॅमलाच व्यापारी प्रमाण धरतात आणि किमान शिक्षा दहा वर्षांची आहे. तिथे पकडला गेला हे नशीब समज.’ ते ऐकून बरे वाटावे की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

जानेवारी 2018 मध्ये मुलाने सरकारशी करार करून गुन्हा कबूल केला आणि त्याच दिवशी त्याला कोठडीत घेतले. पाच वर्षांच्या किमान शिक्षेतून सुटण्याची एक वाट इथल्या कायद्याने ठेवली आहे, तिला सगळे ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ म्हणतात. पूर्वीचा गुन्हा जवळपास नसावा, शस्त्र नसावे, कोणाला मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली नसावी, टोळीचा म्होरक्या नसावा आणि आपल्याला ठाऊक असलेले सर्व काही सरकारला खरेखरे सांगितलेले असावे, अशा त्या वेळी त्याच्या अटी होत्या. मुलगा त्या अटींत बसला. वकिलासह तो एका खोलीत तपास अधिकाऱ्यांसमोर दोन वेळा बसला. त्या खोलीत आई-वडिलांना प्रवेश नसतो.

किमान शिक्षा गेली, तरी मग किती, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर शिक्षेच्या गाइडलाइनमधून निघते. हे एक कोष्टक आहे, 43 ओळींचे आणि सहा स्तंभांचे. ओळ म्हणजे गुन्ह्याची लेव्हल, स्तंभ म्हणजे पूर्वीच्या गुन्ह्यांचा इतिहास. दोन्ही जिथे मिळतात त्या चौकोनात महिन्यांचा पल्ला लिहिलेला असतो. 2005 च्या बुकर निकालापासून हे कोष्टक न्यायाधीशावर बंधनकारक राहिलेले नाही, परंतु आधी त्यातला पल्ला बरोबर काढणे मात्र त्याला बंधनकारक आहे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात लेव्हल ठरते ती वजनावरून, आणि तेही केवळ जप्त झालेल्या मालाच्या नव्हे. साक्षीदाराने ‘मी याच्याकडून इतके इतके घेत होतो’ असे सांगितले, की तेही वजन जमेस धरता येते, आणि त्यासाठी संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. असण्याची शक्यता नसण्यापेक्षा अधिक आहे, एवढे न्यायाधीशाला पटले की पुरे. खतावणीत तोंडी सांगितलेली जमा धरतात, हे पाहून माझ्यातला ऑडिटर अस्वस्थ झाला.

ही सगळी आकडेमोड प्रोबेशन अधिकारी एका अहवालात करतो. शिक्षेच्या तारखेआधी किमान 35 दिवस तो दोन्ही बाजूंना द्यावा लागतो आणि त्यावरचे आक्षेप 14 दिवसांत लेखी कळवावे लागतात. मुलाच्या संमतीने वकिलाच्या कचेरीत बसून मी तो वाचला. परिच्छेद 31 मध्ये लिहिले होते, की एका सहआरोपीने 24 आठवडे, दर आठवड्याला सुमारे 125 ग्रॅम माल माझ्या मुलाकडून घेतला. म्हणजे 3 किलो. त्यात जप्त केलेले 620 ग्रॅम मिळवून एकूण 3.62 किलो. साडेतीन किलो ओलांडल्यामुळे लेव्हल 28. मी सवयीने मागची पाने पुन्हा चाळली, तर परिच्छेद 18 मध्ये त्याच सहआरोपीच्या माहितीत असे होते, की तो त्याच काळात दुसऱ्या एका प्रकरणात पाच आठवडे काउंटी जेलमध्ये होता. तारखा दिलेल्या होत्या. जेलमधला माणूस दर आठवड्याला माल घ्यायला कसा येत होता? पाच आठवडे वगळले तर उरतात 19. एकोणीस गुणिले 125 म्हणजे 2,375 ग्रॅम. त्यात 620 मिळवले की 2,995. साडेतीन किलोच्या खाली आणि लेव्हल 26. एकाच अहवालाची दोन पाने एकमेकांशी जुळत नव्हती.

हे मी वकिलाला दाखवले. त्यांनी मान हलवली आणि आक्षेपांच्या पत्रात एक वाक्य घातले: परिच्छेद 31 मधील प्रमाणास आमची हरकत आहे, कारण परिच्छेद 18 प्रमाणे साक्षीदार त्यापैकी पाच आठवडे कोठडीत होता. माझी अपेक्षा कोष्टक जोडण्याची, निदान एक पान लिहिण्याची होती. त्या एका वाक्यावर मी घरी येऊन बराच चिडलो होतो. पुढे वर्षभराने कळले, की तेवढेच एक वाक्य नसते, तर आमच्या हातात काहीच उरले नसते.

शिक्षेच्या दिवशी सुनावणी जेमतेम तासभर चालली. अहवालावर आणखी काही हरकती उरल्या आहेत का, असे न्यायाधीशांनी विचारले आणि आमच्या वकिलांनी आम्ही लेखी म्हणण्यावर राहतो असे उत्तर दिले. न्यायाधीशांनी अहवाल स्वीकारत असल्याचे सांगितले आणि ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. लेव्हल 28 मधून सेफ्टी व्हॉल्व्हच्या दोन आणि जबाबदारी स्वीकारल्याच्या तीन वजा जाऊन 23 उरली. पल्ला 46 ते 57 महिन्यांचा. शिक्षा 52. मुलगा वळून आईकडे पाहत होता. ती मात्र लेखनिकाच्या टंकयंत्राकडे पाहत राहिली.

अपिलाची नोटीस निकाल नोंदवला गेल्यापासून 14 दिवसांत द्यावी लागते. भारतातल्या मुदतींची सवय असलेल्या माणसाला हा काळ डोळ्याची पापणी लवण्याइतका वाटतो. आमच्या वकिलांचा आमच्याशी झालेला करार शिक्षेपर्यंतचाच होता आणि अपिलात काही राम नाही असे त्यांचे मत होते. त्यांनी फोन उचलायला तीन दिवस लावले. ही नोटीस मात्र अगदीच साधी असते: एक पान, त्यावर कोण, कशाविरुद्ध आणि कोणत्या न्यायालयाकडे दाद मागतो आहे, एवढेच. ती वरच्या न्यायालयात न देता, ज्या न्यायालयाने शिक्षा दिली तिथेच द्यायची असते. आरोपीने शिक्षेच्या वेळी तशी विनंती केली, तर कारकुनानेच ती तयार करून दाखल करायची, असाही नियम आहे. तो आम्हाला कोणी सांगितला नव्हता. नवव्या दिवशी वकिलांनी ती दाखल केली आणि ते बाजूला झाले. त्या वेळी फी 505 डॉलर होती. ती आम्हाला भरावी लागली नाही, कारण ऐपत मुलाची पाहतात, बापाची नव्हे, आणि तुरुंगातल्या मुलाची ऐपत शून्य होती. न्यायालयाने अपिलासाठी सरकारी खर्चाने नवीन वकील नेमून दिल्या.

त्या वकीलबाईंचे पहिले बोलणे मला अजून आठवते. मी त्यांच्यासाठी एक जाड फाइल तयार केली होती. मुलाच्या शाळेतल्या शिक्षकांची, आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांची, गणपतीत ज्यांच्या हाताखाली तो मांडव घालायचा त्या काकांची, अशी 23 पत्रे त्यात होती. त्यांनी फाइल उघडलीच नाही. अतिशय सौम्यपणे त्या म्हणाल्या, की ही पत्रे खालच्या न्यायालयात दिली गेली नव्हती, म्हणून अपिलाच्या दृष्टीने ती जगात नाहीत. अपील न्यायालय साक्षीदार बोलावत नाही, नवीन कागद पाहत नाही, मुलगा चांगला आहे की वाईट हे ठरवत नाही. शिक्षा जास्त झाली असे त्यांना वाटले, तरी केवळ तेवढ्याने ते ती कमी करत नाहीत. 2007 च्या गॉल निकालाप्रमाणे ते आधी पाहतात, की शिक्षा देण्याच्या रीतीत चूक झाली का, पल्ला चुकीचा काढला का, हरकत न ऐकता सोडली का. आणि त्यानंतरच शिक्षा अवास्तव आहे का, हा प्रश्न येतो, ज्यावर आरोपी क्वचितच जिंकतो. मी विचारले, उलट शिक्षा वाढली तर? त्यांनी सांगितले, की सरकारने स्वतः अपील केलेले नसेल, तर अपील न्यायालय आपण होऊन शिक्षा वाढवू शकत नाही. 2008 च्या ग्रीनलॉ निकालाने ते पक्के झाले आहे.

मनातली दुसरी भीती मी त्यांना बोलून दाखवली नाही. नेमून दिलेल्या वकिलाला प्रामाणिकपणे काहीच मुद्दा सापडला नाही, तर तसे न्यायालयाला लिहून कळवण्याची आणि काम सोडण्याची परवानगी मागण्याची पद्धत 1967 च्या अँडर्स निकालापासून आहे. बहुतेक अपिले फेटाळली जातात, हे मी तोवर वाचले होते. शिवाय मुलाच्या करारात अपिलाचा हक्क सोडल्याचे कलम होते. ते वाचून माझे पाय गळाले, पण वकीलबाईंनी त्याच कलमातली पुढची ओळ दाखवली. अंतिम लेव्हल 21 किंवा त्याखाली ठरली, तर मुलगा अपील करणार नाही, असे तिथे म्हटले होते. मालाचे एकूण प्रमाण किती, हा प्रश्न करारात मुद्दाम मोकळा ठेवला होता. न्यायाधीशांनी लेव्हल 23 धरली, म्हणजे ज्या दोन पायऱ्यांसाठी आम्ही भांडत होतो, त्याच दोन पायऱ्यांनी दार उघडे ठेवले होते.

शिक्षेच्या सुनावणीची शब्दशः प्रत आली, ती 41 पानांची होती. मी ती पेन्सिल घेऊन वाचली. आमचा सगळा मुद्दा नवव्या पानावर, सहा ओळींत होता: न्यायाधीशांचा प्रश्न, वकिलांचे उत्तर, अहवाल स्वीकारल्याची नोंद. अहवालातल्या वादग्रस्त मजकुरावर न्यायालयाने निर्णय दिला पाहिजे, किंवा त्याचा शिक्षेवर परिणाम होणार नसल्याने निर्णयाची गरज नाही असे तरी नोंदवले पाहिजे, असा फौजदारी कार्यपद्धतीच्या नियम 32 मध्ये दंडक आहे. त्या सहा ओळींत यांपैकी काहीच नव्हते. वकीलबाईंनी मला उरलेल्या 32 पानांत एकच गोष्ट शोधायला सांगितली: ‘गाइडलाइन काहीही निघाली असती तरी मी हीच शिक्षा दिली असती’ असे न्यायाधीश कुठे म्हणाले आहेत का. पुष्कळ न्यायाधीश हे वाक्य खबरदारी म्हणून उच्चारतात, आणि ते असले की हिशेबातली चूक बऱ्याचदा निरुपद्रवी ठरते. मी तीन वेळा वाचले. ते वाक्य नव्हते.

मग महिनोन्‌महिने कागद जात-येत राहिले. आमचे निवेदन 40 दिवसांत, सरकारचे उत्तर 30 दिवसांत, आमचे प्रत्युत्तर 21 दिवसांत, असे नियमात आहे. प्रत्यक्षात प्रत्येकाने मुदत वाढवून घेतली. निवेदनाला 13,000 शब्दांची मर्यादा असते. आमचे त्याच्या निम्म्यातही संपले. सरकारचे म्हणणे असे होते, की अहवाल स्वीकारला याचाच अर्थ हरकत फेटाळली, आणि 125 ग्रॅम हा आकडा तसाही हात राखून धरलेला होता.

या काळात मुलाला स्वतःचा तो अहवाल जवळ ठेवता येत नव्हता. फेडरल तुरुंगात कैद्यांना ही प्रत बाळगायला मनाई आहे, कारण कोणी सरकारला मदत केली हे त्यातून कळते आणि इतर कैदी तो दाखवण्यासाठी दमदाटी करतात. कारण योग्यच आहे. पण ज्या कागदावर आपली वर्षे मोजली गेली, तो पाहायला आगाऊ परवानगी घेऊन कर्मचाऱ्यासमोर बसावे लागणे, हे विचित्र होते. फोन 15 मिनिटांनी आपोआप तुटतो. मुलाचे मराठी स्वयंपाकघरापुरते आहे, त्यामुळे ‘हरकत’, ‘प्रमाण’ हे शब्द समजावण्यातच पहिली पाच मिनिटे जात. सांगलीला माझ्या आईला आम्ही नातू नोकरीनिमित्त लांब आहे असे सांगितले होते. ती फोनवर दर वेळी विचारायची, तिथे जेवणाची सोय बरी आहे का. तेवढ्याचे उत्तर मी खरे देत असे.

एक सुखद धक्का मात्र अपिलाबाहेरून बसला. चांगल्या वर्तनाबद्दल वर्षाला 54 दिवसांची सूट असे कायद्यात लिहिलेले असताना तुरुंग खाते ती अशा रीतीने मोजत होते, की हातात 47 च दिवस पडत. डिसेंबर 2018 च्या फर्स्ट स्टेप कायद्याने ही मोजणी दुरुस्त केली आणि जुलै 2019 मध्ये ती लागू झाली. 52 महिन्यांवर हा फरक सुमारे 30 दिवसांचा होतो. देशभरातले कैदी वर्षानुवर्षे एका भागाकारापायी जादा दिवस काढत होते, हे कळल्यावर परिच्छेद 31 मला तितकासा जगावेगळा वाटेना.

तोंडी युक्तिवादाला मी एकटा गेलो. मुलाला तिथे आणत नाहीत. तीन न्यायाधीश, समोर वकिलांचा उभा मेज आणि त्यावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन दिवे. प्रत्येक बाजूला दहा मिनिटे. मुलाचे नाव पुकारा झाला तेव्हा एकदा ऐकू आले, नंतर तो केवळ अपीलकर्ता होता. मधल्या न्यायाधीशांनी आमच्या वकिलांना कठीण प्रश्न विचारला: तुमच्या आधीच्या वकिलांनी प्रत्यक्ष सुनावणीत तोंड उघडले नाही, मग हरकत सोडून दिली असे का समजू नये? त्यांनी नवव्या पानावरचे शब्द वाचून दाखवले, की लेखी म्हणण्यावर राहणे म्हणजे ते सोडणे नव्हे. सरकारी वकिलांना दुसऱ्या न्यायाधीशांनी विचारले, की पाच आठवड्यांच्या प्रश्नाचा निर्णय ज्या ओळीत झाला, ती ओळ दाखवा. ते पाने उलटत राहिले आणि पिवळा दिवा लागला. मी खिशातली पेन्सिल इतकी घट्ट धरली होती, की हाताला वळ उठला.

ऑगस्ट 2019 मध्ये निकाल आला. सात पानांचा, पायंडा म्हणून वापरता न येणाऱ्या प्रकारचा. 3.62 किलो चूक आहे असे त्यात कुठेही म्हटले नव्हते. हरकत मांडली गेली होती, तिच्यावर निर्णय झाला नाही, ती मान्य झाली असती तर पल्ला बदलला असता आणि शिक्षा तीच राहिली असती असे नोंदीवरून म्हणता येत नाही. म्हणून शिक्षा रद्द, प्रकरण नव्याने शिक्षा ठरवण्यासाठी परत. मी घरी फोन करून ‘जिंकलो’ म्हणालो. वकीलबाईंनी मला आवरले: अजून एक दिवसही कमी झालेला नाही.

डिसेंबरमध्ये त्याच न्यायाधीशांसमोर पुन्हा सुनावणी झाली. ते रागावलेले असतील असे मला वाटले होते, पण तसे काही नव्हते. उलट त्यांनी परिच्छेद 18 स्वतः वाचून दाखवला. सरकारला त्या साक्षीदाराला उभे करता आले असते, परंतु त्यांनी केले नाही. न्यायाधीशांनी 19 आठवडे धरले. लेव्हल 26, वजा पाच, म्हणजे 21. पल्ला 37 ते 46 महिने. आणि आता ती 23 पत्रे कामाला आली, कारण शिक्षा नव्याने ठरत असताना मधल्या काळातले वर्तनही पाहता येते, हे 2011 च्या पेपर निकालाने मान्य केले आहे. मुलगा तुरुंगात इतर कैद्यांना शालान्त परीक्षेचे गणित शिकवत होता, त्याचा दाखलाही जोडला होता. मी मनात 37 धरून बसलो होतो. त्यांनी 42 दिले, आणि गिऱ्हाइके बहुतांशी कॉलेजातली मुले होती याची आठवण करून दिली. त्यावर मला काही म्हणायचे नव्हते.

10 महिने कमी झाले, त्यासाठी दीड वर्ष गेले. मार्च 2020 मध्ये करोनामुळे तुरुंगातल्या भेटी बंद झाल्या, ऑगस्टमध्ये त्याला हाफवे हाउसमध्ये, म्हणजे सुटकेआधी कैद्यांना ठेवतात त्या निवासात, हलवले आणि जानेवारी 2021 मध्ये तो घरी आला.

कागदांचा खोका गॅरेजमध्ये आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने तो आपण होऊन मागितला आणि जेवणाच्या टेबलावर बसून अहवाल पहिल्यांदा सलग वाचला. परिच्छेद 31 जवळ समासात माझी पेन्सिलची आकडेमोड होती: 19, 125, 2,375, 620 आणि खाली रेघ ओढून 2,995. तो त्यावर बराच वेळ थांबला. तपास अधिकाऱ्यांसमोरच्या त्या खोलीत त्याने कोणता आकडा सांगितला होता, हे मला आजही ठाऊक नाही. मी विचारले नाही. त्याने पान उलटले.